हाड मोडण्याआधीची तीस वर्षे



मनोरुग्णालयाच्या नोंदवहीत ‘पाय घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले’ असे एक वाक्य लिहिले जाते आणि तेवढ्यावर त्या घटनेची चौकशी संपते. पडलेली स्त्री साठी ओलांडलेली असते, गेली तीस वर्षे ती मनोविकारावरची औषधे घेत असते, आणि न्हाणीघराची फरशी ओली होती हे कारण सर्वांना पुरेसे वाटते. वस्तुतः त्याच फरशीवर एखादी तरुण परिचारिका घसरली असती तर गुडघा खरचटण्यापलीकडे बहुधा काही झाले नसते. फरशी केवळ निमित्त झाली. हाड आधीच आतून पोकळ झाले होते. ते कसे झाले, केव्हापासून झाले आणि कोणाच्या डोळ्यांदेखत झाले, हे लिहिण्यासाठी त्या वहीत रकानाच नाही. स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-अवसादासारखे गंभीर मनोविकार सोबत घेऊन म्हाताऱ्या होणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हा नसलेला रकाना वैद्यकशास्त्राइतकाच राज्यकारभाराचाही प्रश्न आहे. म्हणूनच तो डॉक्टरांच्या परिषदेप्रमाणे समाजवादी कार्यकर्त्यांपुढेही मांडला पाहिजे.

हाड म्हणजे भिंतीत ठोकलेली निर्जीव खुंटी नव्हे. जुन्या वाड्याची डागडुजी चालावी तशी त्याची मोडतोड आणि बांधणी जन्मभर चालू असते. पेशींचा एक गट जुने हाड उकरून काढतो, दुसरा त्या जागी नवे भरतो. साधारण तिशीपर्यंत भरण्याचे काम उकरण्यापेक्षा पुढे असते, आणि तोवर जी घनता साठते तिच्यावरच पुढचे आयुष्य काढायचे असते. स्त्रीच्या शरीरात उकरणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे काम इस्ट्रोजेन हे संप्रेरक करते. पाळी गेली की तो आवर सुटतो आणि पुढची पाच ते दहा वर्षे हाड फार वेगाने झिजते. ही झीज दुखत नाही, म्हणून ती कळतही नाही. मनगट, पाठीचे मणके आणि खुबा ही तिची ठिकाणे. त्यांतला मणका तर बहुधा गुपचूप दबतो; अशा दबलेल्या मणक्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश डॉक्टरांच्या नजरेस येतच नाहीत. बाईची उंची कमी होते, पाठीला बाक येतो, आणि भोवतालची माणसे म्हणतात, वय झाले.

महाराष्ट्रात आज पासष्टीच्या आसपास असलेल्या स्त्रियांची ही साठवण कोणत्या काळात झाली, हे आठवून पाहावे. १९७२ च्या दुष्काळात त्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या. हाडे भरण्याच्या नेमक्या वयात त्यांतील कितीतरी जणींनी दुष्काळी कामावर खडी वाहिली, परदेशातून आलेल्या मिलोच्या भाकरी आणि वाटली जाणारी सुकडी खाल्ली. श्रमाने हाड बळकट होते हे खरे. पण गवंड्याला विटाच दिल्या नाहीत तर भिंत उभी कशी राहणार? त्यांच्या नंतरच्या पिढीची कथाही फारशी वेगळी नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. त्यांतील ज्यांची बीजांडकोशेही काढली गेली त्यांची रजोनिवृत्ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरच झाली, आणि हाडांची झीज त्या दिवसापासून सुरू झाली. गरीब स्त्रीच्या हाडांचा इतिहास हा असा आहे. मनोरुग्ण स्त्रीला तो चुकत नाही. तिच्या वाट्याला त्यावर आणखी काही येते.

ते ‘आणखी काही’ म्हणजे प्रथम औषध. येथे अतिशय जपून बोलले पाहिजे. १९५२ साली पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात जाँ डिले आणि पिएर डेनिकर ह्यांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना देण्यास प्रारंभ केला, आणि साखळदंड, अंधारकोठडी व थंड पाण्याचे स्नान ह्यांखेरीज ज्या आजारावर फारसा इलाज नव्हता त्या आजारावर औषध सापडले. लाखो माणसे ह्या औषधांमुळे घरी परतली. त्यांना विष म्हणून हिणवणारे बुवाबाबा आपल्या देशात काही कमी नाहीत. त्यांच्या हाती आणखी एक काठी देण्याचा येथे हेतू नाही. ही औषधे अचानक बंद केली तर आजार उलटतो, आणि पुष्कळदा पहिल्याहून जोराने उलटतो. तेव्हा गोळी थांबवावी असे कोणीही समजू नये. गोळी देणाऱ्याने तिच्या परिणामांचा हिशेब ठेवला का, एवढाच प्रश्न आहे.

हा हिशेब असा. मनोविकारावरची ही औषधे मेंदूतील डोपामीन ह्या द्रव्याच्या कार्याला अटकाव करतात. भ्रम आणि भास त्यामुळेच शमतात. परंतु हेच डोपामीन मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिनवरही वचक ठेवीत असते. प्रोलॅक्टिन म्हणजे बाळंतिणीच्या अंगी दूध आणणारे संप्रेरक. वचक सुटला की ते वाढते. मूल नसलेल्या बाईच्या छातीतून दूध झिरपते, पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि बीजांडकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन घटते. म्हणजे वयाने तिशीची असलेली स्त्री हाडांच्या दृष्टीने पन्नाशीच्या स्त्रीसारखी होते. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ॲमिसल्प्राइड ह्या औषधांनी प्रोलॅक्टिन विशेष वाढते. क्लोझापीन, क्वेटियापीन ह्यांनी फारसे वाढत नाही आणि ॲरिपिप्राझोलने जवळजवळ नाहीच. सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षे दिली गेलेली स्वस्त औषधे बहुतांशी पहिल्या गटातली आहेत.

पाळी थांबल्याची ही खूण कोणी वाचत नाही. घरच्यांना वाटते, बरे झाले, एक कटकट मिटली. चाळीस-पन्नास स्त्रियांच्या कक्षात अपुऱ्या कर्मचाऱ्यांनिशी काम करणाऱ्या आयांनाही ती सोय वाटली तर त्यांना दोष देता येणार नाही. त्या स्त्रीला स्वतःला काय वाटते, हे विचारण्याची पद्धत नाही. पाळी थांबली हे तपासणीत एकदा नोंदवून, रक्तातील प्रोलॅक्टिन मोजून, शक्य असेल तेथे मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे, एवढे तिच्या तिसाव्या वर्षी झाले असते तर पासष्टाव्या वर्षीचा अस्थिभंग कदाचित टळला असता. नैसर्गिक रजोनिवृत्तीनंतर ह्या मार्गाने होणारे नुकसान कमी होत जाते, कारण हिरावून घेण्याजोगे इस्ट्रोजेनच फारसे उरलेले नसते. पण तोवर वाड्याचे वासे पोखरून झालेले असतात.

दुसरी एक गोष्ट ह्याच काळात घडते. स्किझोफ्रेनिया पुरुषांत बहुधा ऐन तारुण्यात दिसू लागतो; स्त्रियांत मात्र चाळिशीच्या उत्तरार्धात, रजोनिवृत्तीच्या सुमारास, त्याचा दुसरा चढ येतो. ज्यांना तो आधीपासून आहे त्यांचाही आजार ह्या वयात बळावताना दिसतो. इस्ट्रोजेन हाडांप्रमाणे मेंदूलाही काही संरक्षण देत असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. परिणामी ज्या दशकात हाड सर्वांत वेगाने झिजते नेमके त्याच दशकात औषधाची मात्रा वाढवावी लागते. अवसादावरची काही औषधे, आणि मनाची आंदोलने आवरण्यासाठी दिले जाणारे कार्बामाझेपीनसारखे अपस्मारावरचे औषध, ह्यांनीही अस्थिभंगाचा धोका वाढतो. कार्बामाझेपीन शरीरातील ड जीवनसत्त्व लवकर मोडून टाकते.

हाड ठिसूळ झाले म्हणून ते आपोआप मोडत नाही, त्याला बहुधा पडावे लागते. पडण्याची तजवीजही औषधात आहेच. रात्रीच्या गोळीने गुंगी येते, उठून उभे राहताच रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते, स्नायू ताठरल्याने पावले फरफटतात. ताठरपणा जावा म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल दिले तर म्हातारपणी त्याने दृष्टी अंधुक होते व स्मृतीला झापड येते. पहाटे तीन वाजता लघवीला उठलेली, पायांत सैल चप्पल आणि घोट्यात अडकणारा परकर असलेली वृद्धा डोळ्यांपुढे आणली म्हणजे पुढचे सांगावे लागत नाही.

औषधाइतकाच हात भिंतींचाही आहे. देशातील सरकारी मनोरुग्णालयांत राहणाऱ्यांपैकी सुमारे ३६ टक्के व्यक्ती एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ तेथेच असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत आढळले. काहींची तर तेथे पंचवीस वर्षे उलटून गेली होती. त्यांतील पुष्कळांना रुग्णालयाची गरज उरलेली नसते, पण न्यायला कोणी येत नाही. बऱ्या झालेल्यांना कोंडून ठेवण्याच्या ह्या प्रकाराबद्दल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाला पुनर्वसनाचे धोरण आखण्यास सांगितले. स्त्रियांच्या कक्षांची स्थिती २०१६ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या साहाय्याने तपासली. हे सारे अहवाल प्रतिष्ठेचे, सन्मानाचे आणि सुटकेचे प्रश्न मांडतात, ते योग्यच आहे. पण कोंडलेपणाचा अर्थ शरीरालाही असतो. ड जीवनसत्त्व कातडीवर पडणाऱ्या उन्हातून तयार होते. ते सकाळी दहा-अकरानंतरचे ऊन असावे लागते आणि ते खिडकीच्या काचेतून चालत नाही. महाराष्ट्रात उन्हाला कधी तोटा नव्हता. तरीही अंगणाचे कुलूप ज्या वेळी निघते त्या वेळी ऊन कोवळे असते, आणि ते चढते तेव्हा स्त्रिया कक्षात मोजून बंद झालेल्या असतात. सुरक्षिततेच्या नावाखाली चालणे थांबते, आणि चालणे थांबलेल्या शरीराचे हाड आपण होऊन क्षीण होते.

बहुसंख्य मनोरुग्ण स्त्रिया रुग्णालयात नसून घरी आहेत, म्हणून घराकडे पाहणे अधिक अगत्याचे. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मनोविकृती हे घटस्फोटाचे कारण आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्याच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचे नाव घालण्यात आले. कायदा पतीपत्नींना सारखाच लागू आहे. व्यवहारात परत पाठवली जाते ती बहुधा बायको. ती माहेरी येते तेव्हा आई असते. आई गेल्यावर ती भावाच्या घरात राहते, आणि भावाच्या घरात दूध नातवंडांसाठी असते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास मिळते, तिळात, राजगिऱ्यात आणि काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या सुक्या मासळीतही भरपूर असते. म्हणजे परवडणारे अन्न महाराष्ट्राला अनोळखी नाही. पण ज्या बाईला सर्वांच्या शेवटी, उरलेला भात आणि पातळ आमटी मिळते तिच्या ताटात ते येत नाही. भुकेवर उतारा म्हणून दिवसातून चारदा लावलेली मिश्री मात्र येते, आणि तंबाखू हाडांचा मित्र नव्हे.

तरीही ह्या सर्वांहून अधिक जाचक गोष्ट म्हणजे अविश्वास. मनोरुग्ण स्त्री ‘पाठ दुखते’ म्हणाली तर ते तिच्या आजाराचे बोलणे ठरते. ‘माझ्या पाठीत कोणीतरी खिळा ठोकला आहे’ असे ती म्हणाली, तर ऐकणारा ‘कोणीतरी’ हा शब्द टिपून घेतो आणि गोळी वाढवतो. खिळ्याच्या जागी दबलेला मणका असू शकतो, हे क्ष-किरण चित्र काढल्याविना कळणार नाही. आणि ते काढण्यासाठी तिला दुसऱ्या रुग्णालयात न्यावे लागते, तेथे सोबतीला माणूस लागते, रांगेत ती ओरडली तर परत पाठवले जाते. खुबा मोडल्यावर शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हावी हा जगभरचा दंडक आहे, कारण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला न्यूमोनिया आणि शय्याव्रण गाठतात. मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत ते एक-दोन दिवस ‘सही कोण करणार’ ह्या प्रश्नातच जातात. गंभीर मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतले बहुतेक मृत्यू शारीरिक आजारांनी होतात.

चळवळीतल्याच काही जणांचा ह्यावर आक्षेप असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले की, आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. जेथे तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नाही तेथे हाडांच्या घनतेच्या गोष्टी करणे म्हणजे झोपडीला रंग कोणता लावावा ह्याची चर्चा नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो टिकत नाही. औषध पोहोचवण्याची मागणी समाजवाद्यांनी केलीच पाहिजे, आणि जितक्या स्त्रियांपर्यंत ते पोहोचेल तितक्यांची हाडे धोक्यात येतील, हे त्याच मागणीचे उत्तरार्ध आहे. अर्धी मागणी मान्य करून घेऊन मोर्चा घरी परतत नसतो. शिवाय हा विषय ‘वैद्यकीय’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी १९७२ चा महागाई प्रतिकार लढा आठवावा. तेल, साखर, धान्य हा प्रत्येक बाईच्या स्वयंपाकघरातला खाजगी प्रश्न आहे असे मानले जात होते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारिणींनी लाटणी घेऊन तो रस्त्यावर आणला. हाडांसाठी लाटणे मोर्चा निघेल असे नाही. परंतु कोणता प्रश्न सार्वजनिक आणि कोणता घरचा, हे कोण ठरवते, एवढे तरी त्या बायकांनी शिकवून ठेवले आहे.

उपाय महाग नाहीत. घनता मोजण्याचे डेक्सा यंत्र मोठ्या शहरांबाहेर क्वचित सापडते आणि साध्या क्ष-किरण चित्रात झीज दिसू लागेपर्यंत सुमारे तृतीयांश हाड गेलेले असते. तथापि भिंतीवर आखलेल्या पट्टीपाशी वर्षातून एकदा उंची मोजायला यंत्र लागत नाही. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर कमी भरले तर मणका दबला असल्याचा संशय घ्यावा. हातांचा आधार न घेता बाई खुर्चीवरून उठू शकते का, हे पाहायला तर पट्टीही लागत नाही. न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री जळता दिवा, पायांत पट्ट्याची चप्पल, दुपारआधीचा अर्धा तास अंगणात, आठवड्यातून तीनदा नाचणीची भाकरी किंवा आंबील, कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या. ह्यांपैकी एकाही गोष्टीसाठी निविदा काढाव्या लागू नयेत. काढल्या जातील हा भाग वेगळा.

हाड झिजलेले आढळलेच तर त्यावर औषध आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी स्वस्त आहे, पण ती उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावे किंवा उभे राहावे लागते, नाहीतर अन्ननलिका पोळते. सकाळी गुंगीत असलेल्या वृद्धेकडून हे करवून घ्यायला शेजारी माणूस हवे. हे माणूस जेथे नाही तेथे वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रॉनिक आम्ल अधिक सोयीचे. त्याआधी मूत्रपिंड, दात आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे लागते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत दीर्घकाळ राहिलेल्या पन्नाशीपुढील स्त्रियांपासून हा प्रारंभ करता येईल. त्या कोठे राहतात हे शासनाला शोधत जावे लागणार नाही.

कायद्याची बाजूही भक्कम आहे. २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या एकविसाव्या कलमाने मनोरुग्णांना आरोग्यसेवेच्या सर्व बाबतींत शारीरिक रुग्णांच्या बरोबरीचा हक्क दिला आहे, अगदी रुग्णवाहिकेच्या दर्जापर्यंत. एकोणिसावे कलम सांगते की, कुटुंब नाही किंवा ते स्वीकारीत नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. ह्याच कायद्याने नेमावयाच्या पुनर्विलोकन मंडळात सहा जण असतात: आजी किंवा माजी जिल्हा न्यायाधीश, जिल्हा प्रशासनाचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन जागा स्वतः मनोरुग्ण असलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी वाहणारे किंवा ह्या क्षेत्रातील संस्था ह्यांच्यासाठी. आपल्या जिल्ह्यातील मंडळावर ह्या दोन जागा भरल्या आहेत का आणि त्यांवर कोण आहे, हे कार्यकर्त्यांनी पहिल्यांदा विचारावे. तेथे बसलेल्यांकरवी मग पुढचे प्रश्न विचारता येतील. पन्नाशीपुढील स्त्रिया किती? त्यांतील कोणत्या औषधावर किती वर्षे? गेल्या वर्षात किती जणी पडल्या, किती जणींचे हाड मोडले, आणि मोडल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत किती दिवस गेले?